नाव न घेतलेली वहाण

कोल्हापूरहून दक्षिणेस निघालेला पुणे-बंगळूर महामार्ग कागलच्या कडेने जातो आणि दूधगंगा ओलांडून कोगनोळीपाशी कर्नाटकाच्या हद्दीत शिरतो. कागल म्हटले की बाहेरच्या माणसाला घाटग्यांची जहागीर आठवते, त्या घराण्यातून कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेलेले राजर्षी शाहू महाराज आठवतात, फार तर गैबीचा उरूस आठवतो. परंतु याच गावाच्या परिसरातील पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत अत्यंत उंची सदऱ्यांचे कापड विणले जाते, हे पुष्कळांच्या गावीही नसते. रेमंडने इटलीच्या झाम्बाइती समूहाशी भागीदारी करून येथे सुती कापडाची गिरणी उभारली, तुर्कस्तानच्या सोक्ताश कंपनीने कारखाना काढला आणि तो पुढे २०१९ मध्ये ग्रासिमने विकत घेतला. या प्रत्येक व्यवहाराला दस्तऐवज होता. कोणी किती भांडवल घालावे, नफ्यातोट्याचा वाटा कसा पडावा, कोणाची निशाणी कापडाच्या काठावर उमटावी, याची कलमवार नोंद होती. परदेशी फॅशनचा आणि कागलच्या मातीचा संबंध नवा नव्हे, आणि तो रीतसर करारमदाराने जुळू शकतो हे या भूमीने पाहिलेले आहे. म्हणूनच २०२५ च्या जून महिन्यात इटलीतूनच जी वार्ता आली, तिने इकडची माणसे का दुखावली हे समजून घेताना मला महामार्गावरून दिसणाऱ्या या गिरण्या प्रथम आठवतात.

कागल तालुक्यातच, चिकोत्रेच्या खोऱ्यात, सेनापती कापशी नावाचे गाव आहे. संताजी घोरपड्यांच्या वंशजांची ही जहागीर, आणि गावाच्या नावामागचे ‘सेनापती’ हे बिरूद त्या घराण्याचे. परंतु ज्यांना मराठ्यांच्या इतिहासाचा गंध नाही अशा माणसांच्याही तोंडी कापशीचे नाव असते, ते चपलेमुळे. कोल्हापुरी चपलेच्या ज्या निरनिराळ्या जाती कारागीर सांगतात, पुकरी, बक्कलनाली, पायताण, कचकडी आणि कापशी, त्यांतील काही नावे त्या त्या गावांवरून पडलेली आहेत. माझे वडील कोल्हापुरात चप्पल लाइनीत शिरले की दुकानाच्या पायरीवर उभे राहून ‘कापशी दाखवा’ एवढेच म्हणत. दुकानदार मांडणीवरून जोड काढी, वडील तो उलटा करून शिवण पाहत, बोटाने तळ वाजवून पाहत, आणि मग दराची घासाघीस होई. ती चप्पल कापशीत शिवली की कोल्हापुरात, की सीमेपलीकडच्या अथणीत, हे त्यांनी विचारल्याचे मला स्मरत नाही, आणि ती कोणी शिवली हा प्रश्न तर त्यांच्या किंवा माझ्या मनात कधी उद्भवलाच नाही. या लेखाचा सगळा विषय त्या न विचारलेल्या प्रश्नात आहे.

चप्पल होते कशी, हे पाहिल्यावाचून तिच्यावरील हक्काचा वाद कळणार नाही. कच्चे कातडे प्रथम चुन्यात भिजते, केस सुटतात, मांस खरवडले जाते. नंतर बाभळीची साल आणि हिरडा यांच्या अर्कात ते कमावले जाते. जुनी पद्धत अशी की कातड्याचीच पिशवी शिवायची, तीत हा अर्क भरायचा आणि ती टांगून ठेवायची, म्हणजे रस थेंबाथेंबाने पाझरत कातड्याच्या अंगात मुरतो. हे काम कित्येक आठवड्यांचे, दुर्गंधीचे आणि पाठीचा कणा मोडणारे. पिढ्यान्‌पिढ्या ते ढोर समाजाने केले. पुढे ते कमावलेले कातडे चांभाराच्या हाती येते. तो रापीने तळ कापतो, पाण्यात भिजवून हातोडीने कुटतो, थरावर थर बसवतो, आणि आरीने भोक पाडून कातड्याच्याच वादीने शिवतो. खिळा नाही. दोन्ही बाजूंस कान, मधून पट्टा, अंगठ्याचे वेटोळे, आणि पट्ट्यावर बारीक पाती एकमेकींत गुंफून केलेली वेणी. ही वेणी बहुधा घरातील स्त्रिया घालतात. नवा जोड पहिले काही दिवस पाय चावतो, मग तेलपाणी मिळाले की पायाच्या घडणीप्रमाणे आपली घडण बदलतो आणि वर्षानुवर्षे साथ देतो. या सर्व रचनेत ‘कल्पक’ म्हणून एखाद्या एकट्या माणसाकडे बोट दाखवता येत नाही. कान कोणाला सुचला, वेणी प्रथम कोणी गुंफली, हे कोणीच लिहून ठेवलेले नाही, कारण ज्यांच्या हातांनी ते घडले त्यांना लेखणीपासून दूर ठेवण्यात आले होते.

रविवार, २२ जून २०२५ रोजी मिलान शहरात प्राडा या विख्यात फॅशनगृहाने पुढील उन्हाळ्यासाठीचे पुरुषांचे पोशाख सादर केले. त्या सोहळ्यात चालणाऱ्या तरुणांच्या पायांत कान असलेल्या, अंगठ्याच्या, सपाट तळाच्या चामड्याच्या चपला होत्या, आणि त्यांचे वर्णन ‘चामडी सँडल’ एवढेच केलेले होते. छायाचित्रे इकडे पोहोचली तेव्हा कोल्हापूर जिल्हा शाहू जयंतीच्या तयारीत होता. २६ जूनचा तो दिवस उजाडेपर्यंत चौकाचौकांत दुसरा विषय उरला नाही. महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सचे अध्यक्ष ललित गांधी यांनी कंपनीस पत्र धाडले, आणि प्राडातर्फे सामाजिक उत्तरदायित्वाचे प्रमुख लोरेन्झो बेर्तेल्ली यांनी लेखी उत्तर देऊन, या चपलांना शतकानुशतकांचा वारसा असलेल्या भारतीय हस्तकलेच्या पादत्राणांपासून प्रेरणा मिळाली आहे, हे मान्य केले. नमुने अद्याप प्राथमिक अवस्थेत असून ते विक्रीस जातीलच असे ठरलेले नाही, असेही त्या उत्तरात होते. प्रेरणेची कबुली मिळाली, पण ती जाब विचारल्यावर. सोहळ्याच्या दिवशी कोल्हापूर हा शब्द कोठेही उच्चारला गेला नव्हता.

आणि येथेच कायद्याचा पेच आहे, जो मला या प्रकरणातील सर्वांत विचार करण्याजोगा भाग वाटतो. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक निर्देशनाची नोंद मिळाली. १९९९ चा तो अधिनियम २००३ च्या सप्टेंबरात अंमलात आला, आणि त्याखाली कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर हे महाराष्ट्रातील चार जिल्हे व बेळगाव, धारवाड, विजापूर, बागलकोट हे कर्नाटकातील चार, अशा आठ जिल्ह्यांत परंपरागत पद्धतीने घडलेल्या चपलेलाच हे नाव लावता येते. सीमाप्रश्नावरून १९५६ पासून भांडत आलेली आणि सर्वोच्च न्यायालयात परस्परांसमोर उभी असलेली दोन राज्ये या एका सनदेवर शेजारी शेजारी बसली आहेत. महाराष्ट्राचे संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळ आणि कर्नाटकाचे डॉ. बाबू जगजीवनराम चर्मोद्योग महामंडळ हे दोघे मिळून तिचे नोंदणीकृत धनी आहेत. कातड्याने दोन राज्यांना असे एकत्र शिवावे, यात मला या प्रांताच्या खऱ्या भूगोलाचे दर्शन घडते. बसवण्णांसाठी स्वतःच्या मांडीच्या कातड्याची पादत्राणे शिवणाऱ्या हरळय्या-कल्याणम्मा या दांपत्याची कथा आणि संत रोहिदासांचे नाव, ही दोन्ही एकाच अंगणातली.

परंतु या सनदेने रक्षण केले आहे ते प्रामुख्याने नावाचे. कोल्हापूरबाहेर रेक्झिनचा तुकडा शिवून त्यावर ‘कोल्हापुरी’ असा शिक्का मारणारा मनुष्य या कायद्याच्या कचाट्यात सापडतो. उलट चपलेचा कान, पट्टा, अंगठा सारे जसेच्या तसे घेऊन जो नाव मात्र घेत नाही, त्याला गाठणे दुरापास्त होते. मिलानमधील मौन हे कंपनीने जाणूनबुजून पत्करले होते असे मी म्हणणार नाही, तसे म्हणण्यास माझ्याजवळ पुरावा नाही. परंतु त्या मौनाचा परिणाम असा झाला की ज्या कृतीने कारागिराचा सर्वाधिक उपमर्द झाला, तीच कृती कायद्याच्या दृष्टीने सर्वांत निर्धोक ठरली. श्रेय दिले असते तर प्रश्न विचारता आला असता की हे नाव तुम्ही कोणाच्या परवानगीने लावता. श्रेयच न दिल्यामुळे तो प्रश्न विचारण्यास जागा उरली नाही.

दुसऱ्या दारांवर थाप मारून पाहावी तर तीही बंद. आकृतिबंधाच्या २००० सालच्या कायद्याला नावीन्य हवे, आणि जी वस्तू आजोबांच्या पायांत होती ती नवीन कशी ठरावी? शिवाय ते संरक्षण फार तर पंधरा वर्षांचे. कॉपीराइटचा १९५७ चा कायदा कर्त्याच्या आयुष्याशी बांधलेला, येथे कर्ताच अनाम. आणि नोंदणीस पात्र असूनही नोंद न केलेल्या आकृतिबंधावरील तो हक्कही औद्योगिक पद्धतीने पन्नासाहून अधिक नग निघाले की संपुष्टात येतो. बौद्धिक संपदेची ही सारी इमारत एकट्या प्रतिभावंताची कल्पना डोळ्यांपुढे ठेवून बांधलेली आहे. पिढ्यांनी मिळून केलेल्या, समाजाच्या हातांत वाढलेल्या रूपाला तीत बसावयास ओसरी तेवढी मिळते.

पुण्याचे बौद्धिक संपदेचे वकील गणेश हिंगमिरे व अन्य काही वकिलांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका गुदरली; जाहीर क्षमायाचना व्हावी, कारागिरांना भरपाई मिळावी, अशी तिची मागणी होती. १६ जुलै २०२५ रोजी मुख्य न्यायमूर्ती आलोक आराधे आणि न्यायमूर्ती संदीप मारणे यांच्या खंडपीठाने ती फेटाळली. नोंदणीकृत धनी असलेली महामंडळे स्वतः फिर्याद घेऊन येऊ शकतात, त्यांच्या वतीने तिऱ्हाइताने जनहिताच्या मार्गाने यावे असे कारण नाही, असा त्याचा आशय. निर्णयाने अनेकांचा हिरमोड झाला, तरी त्यातील कायदा मला चुकीचा वाटत नाही. मला टोचते ती वेगळी गोष्ट. अधिनियमात ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून एक पद आहे. कलम १७ खाली आपली नोंद करून घेतलेल्या उत्पादकाला ते नाव लावण्याचा हक्क मिळतो, आणि कलम २१ अन्वये त्या नावाचा भंग झाल्यास महामंडळाची वाट न पाहता स्वतः दाद मागण्याचाही. म्हणजे कापशीतल्या किंवा कोल्हापूरच्या सुभाषनगरातल्या एखाद्या कारागिराला न्यायासनासमोर स्वतःच्या नावाने उभे राहण्याची वाट कायद्याने ठेवलेली आहे. मात्र त्या वाटेवर अर्ज आहे, दाखला आहे, शुल्क आहे, चेन्नईच्या दप्तराशी पत्रव्यवहार आहे; आणि ज्याचा रोजचा घास रोजच्या जोडावर अवलंबून आहे त्याने हे सगळे कोणाच्या आधाराने करावे, याची तजवीज झाल्यावाचून ती वाट कागदावरच राहते.

भारतातील नोंद भारताच्या हद्दीपुरती, हीही एक मर्यादा. जागतिक व्यापार संघटनेच्या करारात द्राक्षमद्य आणि मद्यार्कांच्या नावांना जे कडक संरक्षण दिले, ते इतर वस्तूंना दिले नाही. चपलेपेक्षा मद्याचा मान मोठा ठरला. युरोपीय संघाने हस्तकलेच्या व औद्योगिक वस्तूंच्या भौगोलिक नावांसाठी २०२३ साली नियम केला, आणि तो १ डिसेंबर २०२५ पासून लागू झाला. युरोपाबाहेरच्या उत्पादकांनाही त्याखाली अर्ज करता येतो. याच संदर्भात फ्रान्सच्या मोर्बिए नावाच्या चीजचा खटला आपल्या लोकांनी अभ्यासावा असा आहे. त्या चीजच्या मधोमध एक काळसर रेघ असते. दुसऱ्या उत्पादकाने मोर्बिए हे नाव न लावता तशाच रेघेचे चीज विकले, तेव्हा युरोपच्या न्यायालयाने १७ डिसेंबर २०२० रोजी असे ठरवले की नाव घेतले नाही तरी वस्तूचे वैशिष्ट्यपूर्ण रूप उचलल्याने ग्राहकाची दिशाभूल होत असेल, तर तोही भंग ठरू शकतो. चीजच्या रेघेला जे लागू, ते चपलेच्या कानाला आणि वेणीला का लागू होऊ नये? हा वाद उद्या लढता येईल; मात्र त्यासाठी आधी तेथे नोंद हवी.

आपल्यासारखेच दुःख मेक्सिकोच्या ओआहाका प्रांताने अधिक वेळा भोगले आहे. २०१५ साली तेथील एका डोंगरी गावच्या भरतकामाच्या चोळीवरून इझाबेल मरां या फ्रेंच पोशाखकर्तीशी वाद झाला. २०२२ च्या जानेवारीत मेक्सिकोत आदिवासी व आफ्रिकी वंशाच्या समाजांच्या सांस्कृतिक वारशाच्या रक्षणाचा स्वतंत्र कायदाच झाला, ज्यात हक्क समाजाचा मानला आणि त्याच्या संमतीवाचून केलेला वापर दंडनीय ठरवला. प्राडाचे प्रकरण ताजे असतानाच, ऑगस्ट २०२५ मध्ये, आदिदासने त्याच प्रांतातील यालालाग गावच्या विणलेल्या वहाणांवर बेतलेला जोडा दाखवला आणि क्षमा मागितली. तेथेही वहाणच, आणि तेथेही वाद गावाच्या संमतीचा.

श्रेयाची गोष्ट झाली. दामाची गोष्ट अधिक कडवट आहे. ज्या मिलानकडे आपण फॅशनची राजधानी म्हणून पाहतो, त्याच शहरातील न्यायालयाने २०२४ आणि २०२५ या दोन वर्षांत अर्मानी, दिओर, व्हॅलेंटिनो आणि लोरो पियाना यांच्या उत्पादन शाखा वा कंपन्या न्यायालयीन देखरेखीखाली आणल्या, कारण त्यांचे काम पोटमक्त्याने घेणाऱ्या कारखान्यांत स्थलांतरित मजुरांची पिळवणूक होत असताना कंपन्यांनी तिकडे लक्ष दिले नव्हते. दिओरच्या प्रकरणात कागदोपत्री पुढे आलेला आकडा असा, की जी पर्स दुकानात २,६०० युरोंना विकली जाते तिच्या जुळणीपोटी पुरवठादाराला ५३ युरो मिळत. लोरो पियानाविषयीचा आदेश जुलै २०२५ च्या मध्यास निघाला. त्याच आठवड्यात प्राडाची माणसे कोल्हापुरात कारागिरांच्या पाटाशेजारी बसून वेणी कशी गुंफतात हे पाहत होती, आणि त्याच आठवड्यात मुंबईत याचिकेचा निकाल लागला. मूळ हात कोठे राबतो आणि किंमत कोठे ठरते यांतील अंतर हा केवळ पूर्व-पश्चिमेचा प्रश्न नाही, हे त्या आठवड्याने मला शिकवले.

आणि म्हणून आपलीही झडती घेणे प्राप्त आहे. बारा बलुत्यांत चांभार होता. त्याने गावाच्या पायांत वहाणा घालाव्या आणि सुगीला खळ्यावर उभे राहून धान्याचा वाटा घ्यावा, तोही देणाऱ्याच्या मर्जीनुसार, असा शतकांचा रिवाज होता. दर त्याने ठरवायचा नाही, काम त्याने नाकारायचे नाही. शाहू महाराजांनी १९१८ साली आपल्या राज्यात ही बलुतेपद्धत हुकुमाने बंद केली, आणि कारागिराला आपल्या श्रमाचा मोबदला स्वतः मागण्याची मोकळीक दिली. या प्रदेशात कारागिराच्या हक्काचा कायदा तो. पुढे १९२० च्या मार्चमध्ये कागल जहागिरीतल्या माणगावी बहिष्कृत वर्गाची परिषद भरली, तीत डॉ. आंबेडकर अध्यक्षस्थानी होते आणि महाराज स्वतः उपस्थित होते. वहाण पायातच शोभते अशी म्हण आपल्या भाषेने किती सहज रुळवली, आणि ती म्हणताना वहाणेबरोबर तिचा कर्ताही पायदळी ठेवला, हे आठवले की २०२५ च्या जूनमधील आपल्या अभिमानाकडे मी थोडे थांबून पाहतो. तो अभिमान खरा होता, मीही त्यात होतो. परंतु ज्या समाजाच्या जातिवाचक नावाचा आपण शिवीसारखा उपयोग केला, त्याच्या हातच्या वस्तूला इटलीत नाव मिळाले नाही म्हणून संतापताना, आपल्या गावात आपण ते किती वेळा घेतले?

बाजाराचेही तेच. काही वर्षांपूर्वी एका मोठ्या शहरातील दुकानात मी ‘अस्सल कोल्हापुरी’ म्हणून जोड घेतला. पहिल्याच पावसात त्याचा तळ फुगला आणि दोन थरांमधून भिजलेला पुठ्ठा बाहेर आला. असा माल खऱ्याच्या निम्म्या किमतीत मिळतो आणि खऱ्या कारागिराच्या पोटावर तो मिलानपेक्षा अधिक जवळून पाय देतो. गोवंशहत्या बंदीचा महाराष्ट्रातील २०१५ चा आणि त्यानंतरचा कर्नाटकातील कायदा यांमुळे तळाला लागणारे जाड कातडे मिळणे अवघड झाले, हेही या धंद्यातील माणसे सांगतात. म्हशीच्या कातड्यावर भागवावे लागते, दूरच्या बाजारातून माल आणावा लागतो, भाव चढतात. शिकलेली मुले पाटावर बसण्यास तयार होत नाहीत, आणि त्यांना दोष देण्याचा अधिकार मला नाही.

११ डिसेंबर २०२५ रोजी मुंबईत प्राडा आणि दोन्ही महामंडळे यांच्यात करार झाला. महाराष्ट्र व कर्नाटकात २,००० जोड बनवावयाचे, फेब्रुवारी २०२६ पासून प्राडाच्या जगभरातील चाळीस दुकानांत आणि ऑनलाइन विकावयाचे, किंमत सुमारे ८०० युरो, म्हणजे आपल्या हिशेबाने ऐंशी-पंच्याऐंशी हजार रुपये. शिवाय कारागिरांना प्रशिक्षण आणि काहींना इटलीतील प्राडाच्या विद्यालयात जाण्याची संधी, असा तीन वर्षांचा बेत त्या वेळी जाहीर झाला. जूनमधील मौनापासून डिसेंबरमधील लेखी करारापर्यंतचा पल्ला सहा महिन्यांत गाठला गेला, ही थोडकी गोष्ट नव्हे, आणि ज्यांनी पत्रे लिहिली, जे न्यायालयात गेले, त्या सर्वांचे ते श्रेय आहे. जोडांची ही सारी रास दुकानी भावाने सोळा लाख युरोंची होते. मला एवढेच विचारावयाचे आहे की त्या सोळा लाखांतील किती भाग आरी धरणाऱ्या हातापर्यंत आणि वेणी गुंफणाऱ्या बोटांपर्यंत पोहोचेल, आणि तो आकडा करारात लिहिलेला असेल की खळ्यावरच्या बलुत्यासारखा देणाऱ्याच्या मर्जीवर राहील. चपलेसोबत कान, वेणी, कापशी हे शब्दही त्या चाळीस दुकानांत जातील काय, हेही विचारावयाचे आहे.

महाराष्ट्राच्या महामंडळाने आता अस्सल जोडावर क्यूआर कोडची पद्धत आणली आहे; मोबाइल धरला की जिल्हा, कातडे, पद्धत आणि कारागिराचे किंवा त्याच्या बचत गटाचे नाव समोर यावे, अशी तिची योजना. वडिलांचा शेवटचा कापशी जोड माझ्याकडे आहे. दर दिवाळीच्या आधी मी त्याला तेल लावतो. यंदा तेल लावताना तो उलटा करून, त्यांच्यासारखीच शिवण पाहत, तळाची प्रत्येक बाजू मी निरखली. वादीचे टाके एकसारखे आहेत, एकही सुटलेला नाही; टाचेपाशी वडिलांच्या पायाचा खळगा पडलेला आहे. शिवणाऱ्याची खूण मात्र कोठेच नाही, आणि ज्याला विचारावे तो दुकानदारही आता हयात नाही.